विषय: मंडळाची मेल येते, पण जात नाही

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
सर्व्हर डेबियन १३ या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेल्यापासून कार्यकारिणीतल्या कुणाचीच मेल बाहेर जात नाहीये. येणारी येते, उघडून वाचताही येते. दोघांनी पासवर्ड बदलून पाहिले, उपयोग शून्य. संक्रांतीची आमंत्रणं खोळंबली आहेत, कुणीतरी लक्ष घाला.

प्रेषक: सर्व्हरवाले काका

ताई, आधी पासवर्ड बदलणं थांबवा. मेल वाचता येते म्हणजे ती वाचायला देणाऱ्या डव्हकॉट या प्रोग्रॅमला तुमचा पासवर्ड मान्य आहे. मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स हा दुसरा प्रोग्रॅम स्वतः पासवर्ड तपासतच नाही, तो डव्हकॉटला विचारतो. विचारायची वाट म्हणजे एक सॉकेट (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची खास फाइल), आणि गडबड तिथेच असणार. वेब समितीने मेलच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ‘सॅसल’, म्हणजे ओळख तपासायची पद्धत, हा शब्द शोधून ती ओळ जशीच्या तशी इथे टाकावी.

प्रेषक: खजिनदार

एवढा उपद्व्याप कशाला? एखाद्या फुकटच्या सेवेवर जाऊ या की.

प्रेषक: वेब समिती

काका, ओळ अशी आहे: ‘कनेक्ट टू प्रायव्हेट/ऑथ फेल्ड: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. खाली ‘फेटल: नो सॅसल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स’. मग बाहेरची मेल कशी काय येते?

प्रेषक: सर्व्हरवाले काका

कारण आपण ऑथ, म्हणजे पासवर्ड तपासणी, फक्त ५८७ पोर्टच्या नोंदीत चालू केलंय; आपण मेल धाडतो ते हे दार. बाहेरची मेल येते त्या २५ नंबरला त्याची गरज नाही, म्हणून तो सुखात आहे.

डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ येतो आणि २.३ च्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल्स त्याला जशाच्या तशा चालत नाहीत. अपग्रेडमध्ये नव्या फाइल्स आल्या, आपला जुना भाग गेला. डव्हकॉटच्या १०-मास्टर फाइलमध्ये ‘सर्व्हिस ऑथ’खाली युनिक्स लिसनर, म्हणजे ते सॉकेट बनवणारी नोंद, पुन्हा लिहा. जागा: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/ऑथ. पोस्टफिक्सकडे नुसतं ‘प्रायव्हेट/ऑथ’ लिहिलेलं असतं, ते त्याच्या स्पूल फोल्डरपासून मोजायचं. ती ओळ बदलू नका.

खजिनदारसाहेब, तो विषय सर्वसाधारण सभेत घेऊ, चहा झाल्यावर.

प्रेषक: वेब समिती

सॉकेट तयार झालं, पण आता ‘परमिशन डिनाइड’. सीएचमॉड (फाइलची परवानगी बदलायची आज्ञा) करून सगळ्यांना मोकळं केलं तर चालेल?

प्रेषक: सर्व्हरवाले काका

नको रे बाबा. डव्हकॉट पुन्हा सुरू झाला की ते सॉकेट नव्याने बनवतो, तुझं सीएचमॉड तिथेच संपतं. त्याच लिसनरमध्ये मोड ०६६० (फक्त मालक आणि त्याच्या ग्रुपला वाचता-लिहिता येईल), युझर पोस्टफिक्स, ग्रुप पोस्टफिक्स असं लिही. मग ओपनएसएसएल या टूलने ५८७ ला स्टार्ट-टीएलएस (सुरक्षित जोडणी) लावून जोड आणि ईएचएलओ, म्हणजे मेल सर्व्हरला करायचा नमस्कार, दे. उत्तरात ‘ऑथ प्लेन’ दिसलं की समज दोघं बोलायला लागले.

प्रेषक: वेब समिती

दिसलं! ताईंची आमंत्रणं निघाली. दोघांचं मात्र अजून अडतंय, लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतंय.

प्रेषक: सर्व्हरवाले काका

हे पासवर्ड बदललेले तेच दोघे असणार. त्यांच्या फोनमध्ये मेल धाडायच्या सेटिंगमध्ये अजून जुनाच आहे, नवा टाकायला सांग.