मदत हवी आहे : बीआरसीए तपासणीआधीच्या जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल

नमस्कार मंडळी. माझ्या ताईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. मावशीला चाळिशीच्या आतच स्तनाचा कॅन्सर झाला होता. हे कळल्यावर डॉक्टरांनी टाटा मेमोरियलच्या कॅन्सर जेनेटिक्सच्या ओपीडीत (कॅन्सर आनुवंशिक आहे का ते पाहतात तिथे) काउन्सेलिंगला, म्हणजे तपासणीआधीच्या सल्ल्याला, जायला सांगितलंय.

आधी तपासणी ताईचीच होणार, हे समजलं. रक्ताचा नमुना देतात, बीआरसीए १ आणि २ या जनुकांत दोष आहे का पाहतात; या दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दोष सापडला तर आम्हा भावंडांना आणि ताईच्या मुलीला तो असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के, आणि मग आमची तपासणी फक्त त्याच दोषासाठी.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारते : काउन्सेलर तीन पिढ्यांची माहिती विचारतात म्हणे. मावशी आता नाही, तिचे कागदही सापडत नाहीत. नुसतं वय आणि कुठला कॅन्सर एवढं सांगून चालतं का? आणि रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला, म्हणजे जनुकात बदल आहे पण तो धोक्याचा आहे की नाही हे ठरलेलं नाही, तर पुढे तुम्हाला काय सांगितलं?

सगळ्यात अवघड आईचं आहे. भाचीच्या लग्नात अडचण येईल म्हणून ती तपासणीच नको म्हणते. मला मात्र वाटतं, वेळेवर कळलं तर भाचीची एमआरआय वगैरे तपासणी योग्य वयात सुरू करता येईल. दादाला तर हे बायकांचंच दुखणं वाटतं, पण दोष पुरुषांतही असतो आणि त्यालाही मुली आहेत. तुम्ही घरच्यांना कसं समजावलंत? आईला काउन्सेलरसमोर बसवलं तर उपयोग होतो का?