अनुभव धागा: तुमच्या वाडीत राखण कोण करतं?

खाडीपलीकडे
काल किनाऱ्यावर 'सागर कवच'चा, म्हणजे किनाऱ्याच्या सुरक्षेचा, सराव चालला होता. सागर रक्षक दलातली पोरं टी-शर्ट घालून होड्या अडवत होती, आणि मला एकदम ९३ सालचे बाबा आठवले. आमचा श्रीवर्धन तालुका. त्या फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं, ते गावाला कळलं १२ मार्चला मुंबई हादरल्यावर. मग वाड्यावाड्यांतून गस्त सुरू झाली. बाबांकडे तीन सेलची बॅटरी, शेजारच्या अण्णांकडे कोयती, बाकीच्यांकडे नुसता आवाज. एकदा मध्यरात्री होडीतून पोती उतरताना दिसली म्हणून सगळ्यांनी घेराव घातला. पोत्यात सुकट, आणि होडीत आमचाच चुलतकाका! तो पुढे वर्षभर बाबांशी बोलला नाही.
तुमच्याकडे अशी गस्त असायची का? आता आहे का? लिहा.

देवगडचो_झील
आमच्या वाडयेत राखण देवचार करता, म्हणजे गावचो अदृश्य राखणदार. वर्साक एक कोंबडो आणि दोन नारळ, पगारवाढ नको की भत्तो नको. गेल्या साली बाहेरून इलेले दोघे रात्री काजीच्या बागेत शिरले नि वाट चुकान सकाळपर्यंत थंयच फिरत रवले म्हणतत. माका इचारशात तर कुत्रे पाठी लागले असतले.

मिठागर
😂😂 पण सुकट तरी चांगली होती का?

चाकरमानी_डोंबिवली
आमचं घर वर्षातले दहा महिने बंद. दोन वर्षांपूर्वी कौलं काढून चोर आत उतरले. तांब्याचे दोन हंडे, घंगाळ, आजीची समई, सगळं गेलं. शेजारच्या काकी आमच्या ओटीवर रोज दिवा लावतात, त्यांनीच फोन केला. खरी गंमत पुढे आहे. आदल्या आठवड्यात एक भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. काकींना तो पटला नाही, म्हणून त्यांनी त्याच्या टेंपोचा नंबर पडवीच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवला होता, दूधवाल्याच्या हिशेबाच्या खाली! हवालदारांनी त्याचा फोटो काढून नेला. घंगाळ परत मिळालं, समई वितळवली होती. आता पुतण्याने कॅमेरा बसवलाय. लाइट गेली की तो झोपतो, काकी जाग्याच.

पाटलीणबाई
मी स्वतः पोलीस पाटील आहे म्हणून लिहिते. लोकांना वाटतं आम्ही पोलीसच. तसं नाही, १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमणूक होते, आम्हाला मानधन असतं. गावात कोण नवीन आलं, कुठे भांडण पेटतंय, कुठे बेवारस काही सापडलं, ते ठाण्याला कळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पावसाळ्यात एकदा पहाटे किनाऱ्याला प्रेत लागलं. ठाणं लांब, रस्त्यावर दरड. पोलीस येईपर्यंत मी आणि दोन कोळीदादा छत्री धरून कुत्री हाकलत बसलो होतो. घरी आल्यावर सासूबाईंनी आधी आंघोळीचं पाणी दिलं, मग चहा.
बाकी नवरा-बायकोच्या भांडणाचे फोन रात्री अकरानंतरच का येतात, हे कोणी सांगेल का?

मिठागर
ताई, अकराला मालिका संपतात.

हापूसवाला
सगळे बाहेरच्या चोरांबद्दल लिहितायत, आमचा अनुभव वेगळा. बागेत नेपाळी राखणदार आहे, कुटुंबासकट राहतो, एप्रिल-मेमध्ये रात्रभर बॅटरी मारत फिरतो. तरी एका रात्रीत चार झाडं साफ. झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) अलगद उतरवलेले आंबे, एक डेख (देठ) मोडलेलं नाही. म्हणजे हात सवयीचा. कोण ते अख्ख्या गावाला माहीत. तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही करा म्हटलं तर एकाचा भाचा, एकाचा व्याही, तिसऱ्याची गणपतीत आरती त्याच्याच घरी. तंटामुक्त समितीत बसून मिटवलं. २००७ ला ती मोहीम आली तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या, आणि खोटं कशाला बोलू, कोर्टापेक्षा बरंच झालं. पण आंबे गेले ते गेलेच. गाव काय, बाहेरच्यावर डोळा ठेवील. घरातल्याचं काय करायचं?

देवगडचो_झील
त्येका गाऱ्हाणा घाला देवाक. आंबो घशाखाली उतरूचो नाय.

डहाणू_लोकल
थोडं गंभीर लिहितो, राग मानू नका. एप्रिल २०२० मध्ये आमच्या पालघरात गावोगाव जागता पहारा होता. लॉकडाऊन, आणि मोबाइलवर रोज नवी अफवा, चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत. आमच्या पाड्यातही पोरं काठ्या घेऊन बसायची, मीही बसलो. मग १६ तारखेला गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना जमावाने मारलं. दुसऱ्या दिवशी आमच्या म्हाताऱ्यांनी काठ्या गोळा करून घेतल्या. आता ठरलंय: हटकायचं, गाडीचा नंबर घ्यायचा, ११२ लावायचा, अंगाला हात लावायचा नाही. गस्तीत एक तरी पिकल्या केसांचा माणूस हवाच. नुसती तरणी पोरं नकोत.

पाटलीणबाई
डहाणू_लोकल, अगदी. आमच्या ग्रुपवर 'फॉरवर्डेड' आलं की मी आधी ठाण्यात विचारते, तोवर ग्रुप बंद करून ठेवते. शिव्या खाते.

कोळीण_कुलाबा
२६/११ ला ते दहाजण रबरी बोटीतून उतरले तेव्हा आमच्याच मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी हटकलं होतं, कोण रे तुम्ही म्हणून. कोळ्याला परकी बोट लांबूनच कळते. हटकलं खरं, पुढे ऐकणारं कोणी हवं ना.

खाडीपलीकडे
हो ना. हरिहरेश्वरला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एके-४७ असलेली बोट लागली तेव्हा काय धावपळ! शेवटी निघाली मस्कतहून युरोपला जाताना वाटेत सोडलेली यॉट. बाबा म्हणाले, "बघ, आमची सुकट बरी."
@मिठागर, सुकट अप्रतिम होती, पण काकाने आम्हाला दिली नाही.

शिमग्याचा_सोंगाड्या
आणि होळीला लाकडं पळवणारे आम्ही कुठल्या कलमात बसतो? सरपंचांचं बाकडं गेल्या साली आम्हीच...

पाटलीणबाई
नाव-गाव टाका इथे. ठाण्याला कळवते.

चाकरमानी_डोंबिवली
विषयांतर आहे, पण गणपतीला आठ दिवस आधी घर उघडून झाडून घेणारं कोणी रत्नागिरी बाजूला आहे का? काकींना गुडघ्यामुळे जमणार नाही यंदा.

हापूसवाला
व्यक्तिगत निरोप पाठवतो. आमच्या राखणदाराची बायको करते, तुमची वाडी तिला जवळ पडेल.