मदत हवी आहे: बाबांना कोविड, त्यात ब्रेन हॅमरेज. रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू की बंद?

खाडीकाठ: बाबा वय ६८, घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत. ऑक्सिजन कमी करत आणला होता, आता वॉर्डात हलवणार होते. काल सकाळी उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं. सीटीत हॅमरेज. न्यूरोवाले म्हणतात इंजेक्शन बंद. छातीचे डॉक्टर म्हणतात डी-डायमर (गुठळ्यांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वाढलाय, बंद केलं तर फुप्फुसात गुठळी होईल. आत सोडत नाहीत, सगळं फोनवर, आणि सही माझी मागतायत. कुणाचं ऐकू? अनुभव असेल त्यांनीच लिहा प्लीज.

नेरुळकर: कुठलं इंजेक्शन, डोस किती? सीटीच्या रिपोर्टात किती मिली रक्त साठलंय असं लिहिलंय?

खाडीकाठ: कोविडमध्ये सगळ्यांना देतात तेच हो. मिली कुठे असतं?

मीनल_वाशी: माझ्या दिरांनाही कोविडमध्येच अटॅक आला मेंदूचा. त्यांना उलट रक्त पातळ करायची औषधं वाढवली, आज काठी घेऊन चालतात. अजिबात बंद करू देऊ नका!!

नेरुळकर: ताई, दिरांच्या शिरेत गुठळी अडकली असणार. कोविडमध्ये तेच जास्त होतं. इथे शीर फुटलीय. हात दोन्हीत पडतो, पण उपचार उलटे. म्हणून तर आधी सीटी काढतात, ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं.

मीनल_वाशी: त्यांनी अनुभव विचारला, मी सांगितला. डॉक्टर तुम्हीही नाही.

बंड्या_चरई: कॅशलेस आहे का? टीपीएला (विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीला) आजच कळवा, नाहीतर नंतर फाईल फिरवत बसतात.

भूलवाली: मी भूलतज्ज्ञ आहे, न्यूरोची नाही, तेवढं धरून वाचा. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, गुठळ्या होतात, म्हणून हेपारिन, म्हणजे ते रक्त पातळ करायचं इंजेक्शन, देतात. त्याच हेपारिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यात बीपी चढलेलं असेल तर आणखी. पण ताज्या हॅमरेजमध्ये साधारणपणे आधी बंदच करतात. पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटऱ्यांना हवेचे पट्टे लावता येतात. पुन्हा सीटी काढून रक्त वाढलेलं नाही असं दिसलं, की काही दिवसांनी छोट्या डोसचा विचार होतो. एकट्या डी-डायमरवर जाऊ नका, तो नुसत्या इन्फेक्शननेही वाढतो. क्लेक्सेन (हेपारिनचाच प्रकार) ४० होतं की ६०? दिवसातून एकदा की दोनदा? आणि आधीची काही औषधं?

खाडीकाठ: सिस्टरला विचारलं. ६०, दोनदा. आधीचं विशेष काही नाही, बीपी आणि शुगरची गोळी. इकोस्प्रिन-क्लोपिडोग्रेल आहेच, २०१६ला स्टेंट टाकलाय.

नेरुळकर: अहो, याही रक्त पातळ करायच्याच गोळ्या! हे पहिल्या पोस्टमध्ये नको का लिहायला!

खाडीकाठ: प्रश्न इंजेक्शनचा होता. गोळ्या तर रोजच्याच आहेत.

भूलवाली: ६० दोनदा म्हणजे पूर्ण डोस, वर या दोन गोळ्या. न्यूरोवाल्यांना स्टेंटचं माहीत आहे का? घरून दिलेली औषधांची यादी त्यांच्यापर्यंत पोचतेच असं नाही. आत्ता फोन करा. शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं तेही विचारा, त्यावर उतारा द्यायचा का ते ठरतं. प्रोटामाइन म्हणतात, क्लेक्सेनवर अर्धवटच चालतं, पण चालतं.

सह्याद्री_७: आमच्या सोसायटीत एकांनी लसणाचा काढा घेतला, डी-डायमर आठवड्यात खाली. गोळ्या-इंजेक्शनं हवीतच कशाला?

नेरुळकर: लसणानेही रक्त पातळच होतं म्हणतात. हॅमरेजच्या धाग्यावर कुठे लसूण सुचवताय?

बंड्या_चरई: पॉलिसी कमी पडली तर महात्मा फुले योजनेचं बघा, रेशनकार्ड जवळ ठेवा.

खाडीकाठ: न्यूरोवाल्यांना स्टेंटचं माहीत नव्हतं. इंजेक्शन आणि दोन्ही गोळ्या बंद केल्या, पट्टे लावले. रक्त खोल आहे, १८ मिली, ऑपरेशन आत्ता नको म्हणाले. बीपी १४०च्या खाली ठेवतायत, संध्याकाळी पुन्हा सीटी. पण गोळ्या बंद, मग स्टेंट ब्लॉक झाला तर?

भूलवाली: स्टेंट जुना आहे, त्यामुळे थोडे दिवस थांबायला वाव असतो. पण तिसरा डॉक्टर लागणारच. स्टेंट टाकणाऱ्यांचा नंबर आहे ना? त्यांचं न्यूरोवाल्यांशी थेट बोलणं करून द्या, मध्ये तुम्ही निरोप्या होऊ नका. डिस्चार्ज कार्ड सापडलं तर स्टेंट कुठला तेही कळेल.

खाडीकाठ: कार्ड आईच्या कपाटात असेल. आई क्वारंटाईन आहे, खिडकीतून मागतो.