लोण्याऐवजी भाकरीला काय लावावं?

मंडळी, मदत हवी आहे. माझे वडील परभणीला असतात. कोलेस्टेरॉल वाढलंय, बीपीची गोळीही चालू आहे. डॉक्टरांनी लोणी कमी करायला सांगितलंय, पण ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा नसला की ते अर्ध्या जेवणातून उठतात. जिवाला घोर लागतो.

दुकानात टेबल स्प्रेडचा (लोण्याऐवजी लावायच्या, वनस्पती तेलाच्या मऊ पदार्थाचा) डबा उचलला, मागे पाम तेल आणि मीठ वाचून परत ठेवला. २०२२ पासून तेल-चरबीच्या पदार्थांत ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर) २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण पाम तेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्तच (लोण्यासारखी, कोलेस्टेरॉल वाढवणारी) की!

सध्या जवसाची चटणी करडीच्या तेलात कालवून देते. शेंगदाण्याचं बिनमिठाचं लोणी कुणी घरी मिक्सरवर करतं का? वरून तेल न घालता मऊ कसं होतं, उन्हाळ्यात किती टिकतं?