मदत हवी आहे : मुखपृष्ठ नसलेलं १८६२ चं शीट म्युझिक, छपाई नेमकी कधीची?

नमस्कार मंडळी,

मी मेरीलँडमध्ये राहतो. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातली, गुलामगिरीशी संबंध असलेली गाण्यांची शीट्स, म्हणजे स्वरलिपीची छापील पानं, जमवतो. छंद नवा आहे, दोनच वर्षांचा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते लोक संध्याकाळी पियानोभोवती बसून काय गात असतील, या कुतूहलातून तो लागला.

परवा एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) वीस डॉलरला 'किंगडम कमिंग' मिळालं. हेन्री क्ले वर्कचं गाणं, शिकागोच्या रूट अँड केडी या प्रकाशकांनी १८६२ मध्ये पहिल्यांदा छापलेलं. त्यात लिंकनच्या बाजूच्या गनबोटी दिसताच मालक पळ काढतो आणि मागे राहिलेले गुलाम मुकादमाला कोंडून किल्ली विहिरीत फेकतात!

घोळ असा की मुखपृष्ठच नाही. स्वरांच्या पहिल्या पानाखाली कॉपीराइटची ओळ आहे, साल १८६२. पण ही ओळ छपाईच्या धातूच्या प्लेटवरच कोरलेली असते, त्यामुळे नंतरच्या छपाईतही तशीच उतरते. १८७१ च्या शिकागोच्या आगीत रूट अँड केडीचं दुकान जळालं आणि प्लेट्स पुढे क्लीव्हलंडच्या ब्रेनर्ड या प्रकाशकांकडे गेल्या. मग माझी प्रत युद्धातली की आगीनंतरची? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लेव्ही संग्रहात जुनी शीट्स आहेत, त्यातल्या स्कॅनशी ताडून पाहिलं. स्वर न् स्वर जुळतो, पण कागद काही स्क्रीनवर हाताला लागत नाही.

प्रतीचं वर्णन : कागद जाड, मऊसर, कडांना पिवळट, पण मोडत नाही. डाव्या कडेला शिवणीची तीन भोकं, एकात दोरा अजून आहे. म्हणजे कुणीतरी बांधून घेतलेल्या वहीतून सुटलेली. स्वरांवर पेन्सिलीने बोटांचे आकडे आणि अंगठ्यासाठी फुली. कुणा मुलीचा रियाझ असावा.

हे जाणकारांनी सांगावं :

मुखपृष्ठाशिवाय छपाईचा काळ ठरवता येतो का? प्लेट झिजल्याच्या खुणा कुठे बघायच्या? मला दुसऱ्या पानावर स्वर मांडायच्या पाच रेघांपैकी एक तुटक दिसते.

मागच्या पानावर कुणीतरी सेलोटेप लावलाय. पेन्सिल न पुसता तो निघेल का, की हात न लावणंच बरं?

तिसरा प्रश्न जरा घरगुती. गाण्याचे शब्द काळ्या माणसांच्या बोलीची नक्कल करून लिहिलेत. वर्कच्या वडिलांनी गुलामांना पळून जायला मदत केली म्हणून तुरुंगवास भोगला होता, तरी हे गाणं पहिल्यांदा गायलं चेहरे काळे रंगवणाऱ्या गोऱ्या नटांनी. बायको म्हणते, फाईलमध्ये ठेव, दिवाणखान्यात लावू नकोस. मलाही तिचं पटतंय. तुमच्यापैकी कुणाकडे अशा वस्तू असतील तर पाहुण्यांसमोर ठेवता का, आणि ठेवत असाल तर सोबत काय लिहिता?

दोन्ही पानांचे फोटो प्रतिसादात टाकतो. उजेड नीट नव्हता, सांभाळून घ्या.