पुण्याहून पोर्ट ब्लेअरला परत जाताना काय न्यायचं, काय टाळायचं?

रानजाई
जूनच्या मध्यात परत पोर्ट ब्लेअर (कागदोपत्री आता श्री विजयपुरम). चौघं आहोत, माणशी १५ किलो चेक-इन, म्हणजे एकूण ६० किलो. पुण्यात कोपऱ्यावर मिळतं ते तिथे जहाजाच्या भरवशावर. तीन प्रश्न: मसाले-पिठं पावसाळ्यात टिकवायची कशी? कपाटातली बुरशी नि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवरचा हिरवा थर यांवर उपाय काय? आणि नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी आलं तर साठा किती धरायचा? "सगळं ऑनलाइन मिळतं" हे उत्तर नको, प्लीज.

पाटावरवंटा
ताई, गोडा मसाला तयार नेऊ नका. पाव किलो धन्यांच्या मसाल्यात साधारण ५०-५० ग्रॅम तीळ आणि सुकं खोबरं असतं, आणि दमट हवेत आधी तेच खवट होतं. ते दोन्ही वगळून बाकीचा मसाला भाजून, कुटून न्या. नारळाची तिथे वानवा नाही: ओला नारळ खवून मंद आचेवर लालसर, कोरडा होईपर्यंत भाजा, तीळ भाजून घाला आणि आठवड्यापुरताच मसाला एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. तसंही सुकं खोबरं चेक-इन सामानात चालत नाही. तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी आहे.

रवा, दलिया, भाजणीची धान्यं भाजूनच न्यायची, पण पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. कोमट रवा भरला की झाकणाला आतून वाफ धरते आणि चार दिवसांत गोळे होतात. भाजणी दळून नेण्यापेक्षा भाजलेली धान्यं न्या, लागेल तशी दळा. खारवलेली आमसुलं पाझरतात, ती काचेच्या बरणीत, स्टीलच्या डब्यात नाही.

कांदे-बटाटे नेण्यात वजन घालवू नका. जहाज लांबलं की भाव चढतात हे खरं, पण दमट हवेत जादा साठा कुजतोच.

वायरमनकाका
टर्मिनलचं आधी. इन्व्हर्टर आणि मेन बंद करून आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. हे पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, आतलं आम्ल मरतं. पुसून कडकडीत कोरडं करा, नट आवळा (आधी पॉझिटिव्ह) आणि वरून व्हॅसलीन. पुष्कळ जण आधी व्हॅसलीन चोपडून मग नट आवळतात. तसं नको, धातूला धातू भिडायला हवा. बॅटरी तिथेच घ्या, आम्लाची बॅटरी विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॅट-अवरपर्यंत.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बाजारात पाणी शोषणारे डबे मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. डबा भरून कलंडला की ते खारं पाणी कपड्यांवर सांडतं, म्हणून तो खालच्या कप्प्यात, ताटलीत. कॅमेरा, दुर्बीण वगैरे चामड्याच्या केसमधून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाचा ओव्हन नको. केशरी दाणे मिळाले तर तेच घ्या.

रानजाई
काका, पाण्याचं? घराला ५० चौरस मीटर पत्रा आहे.

पन्हाळ
मी सांगतो. माणशी रोज १०० लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांचे १,२०० लिटर. एक हजारी टाकी कमी पडते, आणखी ५०० लिटरची जोडा. पिण्या-स्वयंपाकाचे माणशी ५ लिटर वेगळे, झाकलेल्या भांड्यात.

५० चौरस मीटरवर १० मिमी पाऊस म्हणजे ५०० लिटर, गळती-उडती वजा जाता ४०० हाती. पहिल्या १ मिमीचे ५० लिटर मात्र सोडून द्यायचे, त्यात पक्ष्यांची घाण नि गंज असतो. चार इंची उभ्या पाइपात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतात, म्हणून पाइपाच्या नादी न लागता ५० लिटरचा ड्रम लावा. तो भरला की पाणी टी-जोडातून टाकीकडे वळतं. ड्रमच्या बुडाशी बारीक तोटी थोडी उघडी ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाला तो भरलेलाच असतो आणि सगळी घाण टाकीत. टाकीच्या ओव्हरफ्लोला बारीक जाळी लावा, डासांसाठी.

ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम, तासभर थांबा. पण उघडं पाकीट त्या हवेत महिनाभरात मरगळतं, मग माप बरोबर असूनही क्लोरीन शून्य. छोटी पाकिटं घ्या. पिण्याचं पाणी उकळाच.

पिनकोड
पार्सलबद्दल: ऑर्डर करण्याआधी ७४४१०१ हा तिथला पिनकोड टाकून बघा. लिथियम बॅटरी, स्प्रे, नेलपेंट असलं काही विमानाने जात नाही. नाकारतात किंवा जहाजाने पाठवतात. नेहमीची औषधं दोन महिन्यांची, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. हॅवलॉक-नील बेटांवर जाणार असाल तर रोख ठेवा. समुद्राखालची केबल २०२० साली आली, पोर्ट ब्लेअरात बराच फरक पडला, पण बेटाबेटांवर नेट गेलं की यूपीआय बसतं.

रानजाई
सिलिंडर?

पिनकोड
दोन. एक लावला की दुसऱ्याचं बुकिंग त्याच दिवशी.