आय.बी.एस. असताना भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी यांपैकी काय वगळावे?

प्रश्न (जुळे सोलापूर)

माझ्या पतींना पोट फुगणे, मुरडा येऊन शौचास जावे लागणे आणि त्यानंतर थोडा वेळच आराम पडणे असा त्रास बऱ्याच काळापासून आहे. तपासण्या करून डॉक्टरांनी आय.बी.एस. (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडी अतिसंवेदनशील होण्याचा विकार) असल्याचे सांगितले. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मटकीची उसळ किंवा तुरीची आमटी हे आमचे रोजचे जेवण. भाकरी जड असते, तिच्याऐवजी गव्हाची पोळी द्या, असे नातेवाईक सुचवतात. नेमके काय बंद करावे?

उत्तर

ताई, भाकरी मुळीच बंद करू नका. मलाही हाच विकार आहे आणि माझे पोट सर्वांत शांत राहते ते ज्वारीवर. गहू, कांदा आणि लसूण यांत फ्रुक्टान नावाची शर्करा असते. ती लहान आतड्यात शोषली जात नाही, मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणू तिला आंबवतात आणि वायू धरतो. ज्वारीत ती कमी असते. शेंगदाण्यांचाही सहसा त्रास होत नाही. चटणीतला लसूण मात्र काढावा लागतो. काळ्या तिखटातही अनेक घरी कांदा-लसूण असतो, तेही पाहून घ्या. चव हवी असल्यास लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकाव्यात, कारण फ्रुक्टान तेलात उतरत नाही. असे तेल साठवू नये, त्याच दिवशी संपवावे.

उत्तर (आहारतज्ज्ञ)

वरील माहिती योग्य आहे. फ्रुक्टान आणि कडधान्यांतील अशाच न पचणाऱ्या शर्करा यांना एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात आणि त्यांवर आधारलेली आहारपद्धती मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठात विकसित झाली. त्यातील वगळण्याचा टप्पा 2 ते 6 आठवड्यांचाच असतो. त्यानंतर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात पुन्हा देऊन कोणता सोसतो हे पाहावयाचे असते. अनेक जण हा दुसरा भाग करतच नाहीत आणि वर्षानुवर्षे अर्धपोटी, भीतभीत जेवतात, याचे मला फार वाईट वाटते.

गहू थांबवण्यापूर्वी सिलिअॅक रोगाची (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार) रक्ततपासणी झाली आहे ना, याची खात्री करा. गहू बंद केल्यावर ती विश्वासार्ह ठरत नाही. कोंडा देऊ नका, त्याने त्रास वाढू शकतो. इसबगोल मात्र पुरेशा पाण्यासह, थोड्यापासून सुरू करून देता येते. तिखटाचा प्रश्न वेगळा आहे: मिरचीत फॉडमॅप नगण्य असले, तरी तिच्यातील कॅप्सेसिनमुळे संवेदनशील आतड्यात कळ येऊ शकते.

शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय किंवा रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे यांपैकी काही असल्यास आहाराचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. यांपैकी कोणतेही लक्षण त्यांना नाही. आमटी आणि उसळ मात्र कायमची गेली का? भोगीच्या भाजीत पावटा आणि हरभराही असतोच.

उत्तर (आहारतज्ज्ञ)

नाही. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे आणि नव्या पाण्यात शिजवावे. त्रासदायक शर्करेचा काही भाग पाण्यात उतरतो. पहिल्या टप्प्यानंतर दोन-तीन चमचे आमटीपासून सुरुवात करा आणि त्या दिवसांत दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नका.